पलट्याचा आवाज

कथकच्या मैफलीत एक वेळ अशी येते की नाच थांबतो आणि नर्तकी बोलायला लागते. ती माइकपाशी येते, श्वास सावरते, हातानं ताल धरते आणि आता जो तुकडा नाचणार त्याचे बोल आधी म्हणून दाखवते. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. ही पढंत. लेहऱ्याची, म्हणजे ताल धरून ठेवणाऱ्या सुरावटीची, तीच ओळ मागं फिरत असते आणि सगळं सभागृह नुसतं ऐकत असतं. पहिल्या रांगेतले जाणकार ऐकत असतात, आईच्या मांडीवर पेंगुळलेलं पोर ऐकत असतं आणि माझ्या शेजारी बसलेली माझी आत्याही ऐकत असते. आत्याची नजर काचबिंदूनं नेली, तिच्या पन्नाशीत, कडेकडेनं आत सरकत. पढंत चालू असते तेवढा वेळ तिच्यात आणि बाकीच्यांत काही फरक नसतो. रचना सगळ्यांनाच आधी कानानं मिळते. मग पाय ती जमिनीवर उतरवतात, तीनदा घेतलेला तुकडा, म्हणजे तिहाई, येते, आणि समेवर आत्याचा तळवा खुर्चीच्या हातावर पडतो तो माझी मान हलायच्या आत.

मग गतभाव सुरू होतो. पाय संथ होतात, घुंगरू जवळजवळ गप्प होतात. शब्द नसतात, गाणं नसतं. लेहरा आणि तबल्याचा ठेका एवढंच. नर्तकी एकटीच राधा होते, एकटीच कृष्ण होते. घागर भरते, वाट अडवते, रुसते. गोष्ट सगळी डोळ्यांत, भुवईत, मनगटात. अचानक सभागृहातून "वा!" उमटते. आणि आत्या माझ्याकडे झुकून विचारते, "काय झालं गं?"

न दिसण्याची आता तिला सवय झाली आहे. त्याबद्दल ती फारसं बोलतही नाही. पण भरलेलं नाट्यगृह एकाच क्षणी कशानं तरी हललं आणि आपण त्यांच्यातच बसून कोरडे राहिलो, हे तिला लागतं. ती नाचाला येते ती माणसांत बसून हलायला. घरी कॅसेट लावून बसली असती तर ती 'वा' तिच्या वाट्याला आली नसती, आणि तो प्रश्नही आला नसता.

मी कथक शिकले, आता थोड्या मुलींना शिकवते. त्यामुळे "काय झालं गं?" हा प्रश्न मला शेजारी बसलेली भाची म्हणूनही पडतो आणि नाच बसवणारी म्हणूनही. आत्याला नाच सांगता सांगता माझी एक खात्री होत गेली आहे. अंध प्रेक्षकाला नाच सांगणं ही नाच बसवून झाल्यावर वरून जोडायची सोय नव्हे, ते रचनेचंच काम आहे. ज्या नाचात या सांगण्याचा विचार सुरुवातीपासून असतो, तो डोळस प्रेक्षकालाही जास्त देतो.

आधी सांगण्यातली अडचण बघू. गतभावात एखादी मुद्रा किती वेळ टिकते? लय विलंबित असली तर दोन-चार मात्रा, मध्यलयीत एखादी. समजा, नर्तकी घुंगट घेते. दोन बोटांत पदराची कड धरून ती कपाळावरून हळूच खाली ओढते, नाकापर्यंत आणते आणि मग तीच कड जराशी तिरपी करून एका डोळ्यानं बाहेर बघते. हे असंच्या असं सांगायला गेलं तर वाक्य संपेपर्यंत ती घुंगट सोडून यमुनेकाठी पोचलेली असते. "लाजली" एवढंच सांगितलं तर वेळ वाचतो, पण आत्याचा हक्क जातो. ती लाजली, की लाजण्याचं सोंग करून लबाडी करत होती, हे आत्याला स्वतः ठरवायचं असतं. आम्ही सगळे ते स्वतःच ठरवत असतो. एका संध्याकाळी मी तिच्या कानाशी म्हटलं, "पदर खाली... अजून खाली... एक डोळा बाहेर." आत्या खुदकन हसली, आणि तिचं हसू आणि पुढच्या रांगेतलं हसू एकाच मात्रेवर पडलं. माझ्या त्या बोलण्यात हात कुठं होता, मान कशी होती, यातलं काहीच नव्हतं. बघायचंय आणि आपण दिसायला नकोय, या दोन्ही इच्छा एकाच वेळी होत्या. नाचात त्या क्षणी घडत होतं ते तेवढंच.

नाट्यगृहात बसलेल्या अंध माणसाला रंगमंचावरचं सांगायची रीतसर पद्धत बसवली गेली त्याला चार दशकं उलटून गेली. १९८१ साली वॉशिंग्टनमधल्या अरीना स्टेज या नाट्यगृहात बर्नार्ड शॉचं 'मेजर बार्बरा' चालू असताना, संवादांच्या मधल्या फटींत, कोण आत आलं, कोणी काय उचललं, कोणाचा चेहरा उतरला, हे अंध प्रेक्षकांच्या कानात सांगितलं गेलं. मार्गारेट फॅनस्टील आणि त्यांचे पती कोडी यांनी हे काम उभं केलं. मार्गारेट यांना स्वतःला दिसत नव्हतं. अंधांसाठी वर्तमानपत्रं, मासिकं वाचून दाखवणारी रेडिओसेवा त्या आधीपासून चालवत होत्या. म्हणजे या पद्धतीच्या मुळाशी एका अंध प्रेक्षकाची स्वतःची भूक होती, कुणाची कणव नव्हती. पुढे ही पद्धत इंग्लंडच्या नाट्यगृहांत गेली, सिनेमात आणि दूरचित्रवाणीवर आली. प्रेक्षकाच्या एका कानात छोटं यंत्र असतं, दुसरा कान रंगमंचासाठी मोकळा. वर्णन करणाऱ्याला पहिला धडा असा दिला जातो की जे दिसतं ते सांग, अर्थ लावू नकोस.

नाटकासाठी हा धडा बऱ्यापैकी पुरतो. नाटकात माणसं बोलतात आणि मधे थांबतात, त्या थांबण्यात दोन शब्द बसवता येतात. नाचात फट नसते. संगीत सलग चालू असतं आणि सांगणाऱ्याचा प्रत्येक शब्द कुठल्या तरी सुरावर पाय देऊनच उभा राहतो. शिवाय नाचात जे दिसतं ते सगळं सांगितलं तरी नाच हाती लागत नाही. उजवा हात वर, डावा पाय मागं, मान डावीकडे, कंबर उजवीकडे: किराणा मालाची यादी वाचून जेवणाची चव कळत नाही, तशातली गत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुडॉल्फ लाबान या नृत्यचिंतकानं हालचालीकडे बघायची एक पद्धत घालून दिली. हालचालीत भार किती, वेळ कसा खर्च होतो, दिशा रोखलेली आहे की सैल, ओघ मोकळा आहे की बांधलेला, असे प्रश्न तो विचारतो. नाच सांगणाऱ्याला हे प्रश्न फार उपयोगी पडतात. हात वर गेला, यापेक्षा तो कसा गेला यात नाच असतो.

आणि इथं मराठी मदतीला येते. ठुमकली, थबकली, मुरडली, झेपावली, रेंगाळली, दबकत गेली, तरातरा आली, लगबगीनं वळली. या एकेका क्रियापदात भार, वेळ आणि ओघ आयते भरलेले आहेत. सांगणाऱ्याला विशेषणं जोडत बसावं लागत नाही. कथकबद्दल मराठीत नेमकं आणि रसाळ बोलता येतं हे रोहिणी भाटे यांनी दाखवून दिलं. १९४७ साली पुण्यात 'नृत्यभारती' सुरू करणाऱ्या रोहिणीताईंनी नाच जितका केला, शिकवला, तितकंच त्यावर मन लावून लिहिलं. त्यांचं 'माझी नृत्यसाधना' वाचताना मला नेहमी वाटतं, की या भाषेत अंध रसिकाला नाच सांगायचा झाला तर शब्दांवाचून अडायचं नाही. वर्षानुवर्षं बसून तो सांगणारी माणसं मात्र तयार व्हायला हवीत.

सांगायचं कुणाला, यावरही बरंच अवलंबून असतं. आत्यानं पन्नास वर्षं जग पाहिलं आहे. तिला आधी रंग हवा असतो. "मोरपंखी म्हणालीस, तो कुठला? आईच्या पैठणीतला जुना, की हल्लीचा झगझगीत?" रंग पक्का झाल्याशिवाय तिच्या मनातली नर्तकी उभीच राहत नाही. माझ्या ओळखीचा एक तरुण तबलावादक जन्मापासून अंध आहे. तो म्हणतो, "ताई, साडी राहू दे. ती आत्ता जमिनीला जड आहे की हलकी, ते सांग. माझ्याकडे येतेय की लांब चाललीये, ते सांग. श्वास कुठं घेतला ते मला कळतंच." एकाला चित्र हवं, एकाला अंतर आणि वजन. यावरून जन्मांधांना रंग नको असतात असा नियम मात्र कुणी काढू नये. जॉर्जिना क्लीग या अमेरिकन लेखिका स्वतः लहानपणापासून जवळजवळ दृष्टिहीन आहेत, आणि कला व अंधत्व यांवर त्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. बघण्याच्या उल्लेखांनी भरलेल्या भाषेतच अंध माणसंही वाढतात, त्यामुळे दृश्य जगाबद्दल त्यांना डोळस समजतात त्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असतं, असं त्या मांडतात. एखाद्या जन्मांध मुलीला लाल रंगाचं वेड असू शकतं आणि आत्यासारख्या एखादीला रंगाची आठवणच नकोशी वाटू शकते. विचारल्याशिवाय कळायचं नाही.

मग एकच वर्णन सगळ्यांना कसं पुरावं? या प्रश्नाशी ज्यांनी मनापासून झुंज घेतली त्यांत 'कायनेटिक लाइट' हा अमेरिकन नृत्यसंघ मला फार मोलाचा वाटतो. ॲलिस शेपर्ड यांनी २०१६ साली तो सुरू केला. त्यातले कलाकार अपंग आहेत आणि ते आपलं अपंगत्व कलेच्या मधोमध ठेवतात. त्यांच्या 'डिसेंट' या रचनेत चढ, उतार, वळणं असलेला एक प्रचंड लाकडी रॅम्प रंगमंचावर उभा असतो. त्यावर ॲलिस शेपर्ड आणि लॉरेल लॉसन व्हीलचेअरमधून नाचतात. शिल्पकार रोदँच्या शिल्पांवरून सुचलेली ही व्हीनस आणि अँड्रोमेडा यांच्या प्रेमाची गोष्ट आहे. चाकं वर चढताना जोर लागतो, खाली सुटताना वेग येतो, कडेवर दोन देह तोलून धरलेले असतात.

हे अंध प्रेक्षकांपर्यंत न्यायला त्यांनी 'ऑडिमान्स' नावाचं ॲप बांधायला घेतलं. त्यात एकाच वेळी अनेक ध्वनिवाटा चालू असतात. एका वाटेवर साधं, नेमकं वर्णन असतं, एका वाटेवर कवितेच्या अंगानं जाणारं, तर एका वाटेवर चाकांचा, श्वासांचा, देह लाकडावर टेकल्याचा आवाज. ऐकणारा फोनवर बोट फिरवून एका वाटेवरून दुसरीवर जातो, दोन एकत्र ऐकतो, कंटाळला तर निघून येतो. पुढं 'वायर्ड' या रचनेत कलाकार हवेत लोंबकळत नाचतात, आणि तिथंही सांगण्याचा विचार नाचाबरोबरच वाढवलेला आहे.

हे समजून घेतलं तेव्हा मला डोळस प्रेक्षकाबद्दलच एक गोष्ट नव्यानं दिसली. आम्ही नाच बघतो तेव्हा नजर कुठं ठेवायची ते आमच्या हातात असतं. कुणी पाय बघतं, कुणी चेहरा, कुणी तबलजीची बोटं. माझी एक विद्यार्थिनी कार्यक्रमभर फक्त नर्तकीचा अंबाडा सुटतो की काय ते बघत बसते, आणि ते तिचं स्वातंत्र्य आहे. एकच आवाज कानात बोलत राहिला की अंध प्रेक्षकाचं हे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या जिभेवर जातं. तो सांगेल ते बघायचं, तो गाळेल ते गेलं. अनेक वाटा ठेवल्या की भटकायची मोकळीक परत मिळते. माझ्यासारखी शेजारी बसून कुजबुजणारी बाई असल्या वाटा देऊ शकत नाही. पण मधेच थांबून "चेहरा सांगू का पाय?" एवढं विचारता येतं. आत्या हल्ली स्वतःच सांगते, "आता जरा पायांपाशी राहा."

शब्दांच्या अलीकडेही एक वाट आहे, स्पर्शाची. क्यूबाची थोर बॅले नर्तकी अलिसिया आलोन्सो हिच्या डोळ्यांचे पडदे विशीच्या उंबरठ्यावर सुटले. शस्त्रक्रिया झाल्या, डोळ्यांवर पट्ट्या बांधून महिनोन्महिने निश्चल पडून राहायचं बंधन आलं. त्या काळात पती फर्नांडोच्या मदतीनं, पायांच्या जागी बोटं अंथरुणावर चालवत, ती 'जिझेल' या बॅलेतली मुख्य भूमिका शिकली. २ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये जिझेल करणारी अलिसिया मार्कोवा आजारी पडली आणि तिच्या जागी बाविशीतल्या आलोन्सोला उभं राहावं लागलं. ती जिझेल इतिहासात गेली. नजरेच्या कडा कायमच्या गेलेल्या होत्या. सहनर्तकांनी ठरल्या जागी अचूक असायचं, रंगमंचावरचे काही दिवे तिला दिशा दाखवायचे, आणि अशी ती पुढची अनेक दशकं नाचली. तिची थोरवी मोठीच, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पट्टी बांधलेल्या डोळ्यांपाशी एक संपूर्ण बॅले बोटांनी पोचला होता. वेळ, क्रम, तोल, कुठं धावायचं आणि कुठं कोसळायचं, हे सगळं बोटांच्या टोकांत मावलं.

म्हणून माझ्या मुलींच्या कार्यक्रमाच्या दिवशी आत्या आणि तिच्या दोन-तीन अंध मैत्रिणी अर्धा-पाऊण तास आधी येतात. पडदा उघडायच्या आत त्या रंगमंच चालून बघतात: इथून इथपर्यंत लांबी, इथं तबला, इथून मुली येणार. मग घुंगरू हातात घेतात. कथकचे घुंगरू भरतनाट्यमसारखे पट्ट्यावर शिवलेले नसतात. पितळेचा एकेक घुंगरू सुती दोरीत ओवून गाठ मारून बसवलेला असतो, पुढचा त्याच्या पुढं, पुन्हा गाठ. आत्याची बोटं त्या गाठींवरून सरकत जातात. प्रत्येक घुंगरू ती अंगठ्यानं जरा हलवून कानापाशी नेते. कुठला बद्द वाजतो, कुठला खणखणीत, ते ती सांगते आणि ते खरं असतं. तळव्याला पितळेचा वास लागतो. मग मुलगी घुंगरू घोट्यावर बांधते आणि आत्या तिचा खांदा धरून उभी असताना ततकार, म्हणजे नुसतं पायांचं काम, करते. जमिनीतून आत्याच्या टाचांपर्यंत जो ठोका पोचतो तो मी कितीही बोलले तरी पोचवू शकले नसते.

या आधीच्या अर्ध्या तासात मला पलट्याचा उपयोग सापडला. गतभावात एकच नर्तकी राधा आणि कृष्ण दोघं होते, तेव्हा भूमिका बदलताना ती जागच्या जागी एक वळण घेते. तो पलटा. डोळ्यांना तो इतका सरावाचा असतो की आपण त्याकडे बघतही नाही. पण त्या वळणात दोन्ही पायांचे घुंगरू क्षणभर एकदम सळसळतात, आणि तो आवाज दुसऱ्या कुठल्या हालचालीत तसाच येत नाही. आत्याला आधी पाच-सहा वेळा तो ऐकवून ठेवला. मग कार्यक्रमात मी "राधा" म्हणून थांबले होते, घुंगरू सळसळले, आणि माझ्या आधी तीच म्हणाली, "कृष्ण झाला ना?" त्यानंतर माझं निम्मं बोलणं वाचलं. वाचलेल्या वेळात मी गप्प बसले आणि तिनं सारंगी ऐकली. नाचात ऐकू येणारी किती चिन्हं आधीपासून पडून आहेत! त्यांची ओळख करून द्यायची, मग दूर व्हायचं. मुलींना मी आता सांगते, पलटा स्वच्छ घ्या, त्याच्यावर कुणाची तरी गोष्ट उभी आहे. तेव्हापासून त्यांचे पलटे सगळ्यांनाच जास्त स्पष्ट दिसतात.

आधी सांगून टाकलं तर नाचातली उत्कंठा जाते, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे अंध श्रोत्याला घडामोडी सांगणारा सगळ्यांच्या ओळखीचा म्हणजे संजय. व्यासांनी धृतराष्ट्राला दृष्टी देऊ केली होती, पण आप्तांचा संहार त्याला बघायचा नव्हता, ऐकायचा होता. आणि संजयानं गोष्ट कुठून सुरू केली? युद्धाच्या दहाव्या दिवशी तो रणावरून परतला आणि भीष्म पडले, हे त्यानं पहिल्यांदा सांगितलं. त्यानंतर धृतराष्ट्र विचारत गेला आणि संजयानं पहिल्या दिवसापासूनची हकिगत सांगितली; गीता त्या हकिगतीतच येते. शेवट ठाऊक असलेला श्रोता 'काय'च्या मागं धावत नाही, 'कसं' ते विचारतो. गोवर्धन उचलला जाणार हे गतभाव बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. करंगळी कशी वर जाते त्यासाठी आपण बसलेले असतो. कीर्तनकार पूर्वरंगात विषय उलगडून ठेवतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो, तेही याच भरवशावर.

नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे एक खेळणं मागायला जातात, बघताही यावं आणि ऐकताही यावं असं. नाट्य जन्माला आलं ते या दोन्ही मागण्या एकदम घेऊन. आपल्या नाचातले बोल, कवित्त, घुंगरू, तालावरची हातटाळी हे सगळं त्या दुसऱ्या मागणीचं देणं आहे. फक्त डोळ्यांसाठी नाच बसवायचा ही सवय आपल्याला मोठ्या नाट्यगृहांनी, प्रखर दिव्यांनी आणि आता फोनच्या पडद्यांनी लावली. ती मोडता येण्यासारखी आहे.

याच महाराष्ट्रात सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची जागा उलटी करून दाखवणारा प्रयोग झालेला आहे. मराठीतलं 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक २००८ साली सुरू करणारे स्वागत थोरात यांनी १९ अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' हे नाटक बसवलं. कालिदासाचं 'मेघदूत' आणि अंध कलाकार, ही जोडी मला विचार करावा तितकी खोल वाटत जाते. रामगिरीवर, म्हणजे परंपरेनं मानलेल्या आपल्या नागपूरजवळच्या रामटेकवर, शिक्षा भोगत बसलेला यक्ष एका ढगाला अलकेची वाट सांगतो. नद्या, डोंगर, उज्जयिनीचे वाडे, हिमालय, अलकेतलं आपलं घर. यातलं काहीही त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर नसतं. जे समोर नाही ते शब्दांनी इतकं भरगच्च उभं करायचं की ऐकणाऱ्याला वाट चुकू नये, एवढंच तो काव्यभर करतो. ते काव्य ज्यांनी रंगमंचावर आणलं त्यांनाही त्यातलं काही कधी दिसलेलं नव्हतं किंवा आता दिसत नव्हतं. ते दाखवत होते आणि डोळस प्रेक्षक त्यांच्याकडून घेत होते. अंध माणूस रंगभूमीच्या दारात फक्त काही मागायला उभा असतो, ही समजूत त्यानंतर टिकू नये.

२०११च्या जनगणनेत देशात दृष्टीचं अपंगत्व नोंदवलेली माणसं ५० लाखांवर होती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कला सर्वांना अनुभवता येईल अशी करण्याचं कलमही आहे. तरीही आपल्या नृत्यमहोत्सवांच्या पत्रिकेत निवास, पार्किंग, चहापान यांची सोय छापलेली असते आणि 'या प्रयोगाला अंध रसिकांसाठी वर्णन उपलब्ध' ही ओळ मला शोधूनही क्वचित सापडते. त्याला लागतं काय? काही कानातली यंत्रं आणि त्यांना आवाज पोचवणारा एक ट्रान्समीटर. रंगमंच दिसेल पण आवाज बाहेर जाणार नाही अशी एक जागा. प्रयोगाआधी अर्धा तास उघडा ठेवलेला मंच आणि हात लावायला ठेवलेली वेशभूषा. तालमींना बसलेला, नाच ओळखणारा, मराठी चांगली असणारा एक सांगणारा माणूस, आणि त्याचं सांगणं तपासणारा एक अंध जाणकार. दोघांनाही तबलजीला देतो तसं मानधन. यातला यंत्रांचा खर्च एकदाच होतो. उरलेलं सगळं माणसांचं आणि मनावर घेण्याचं काम आहे.

माझं मागणं नाच बसवणाऱ्या माझ्या सख्यांकडे आणि गुरुजनांकडे आहे. पुढची रचना हाती घ्याल तेव्हा प्रयोगाच्या दिवसाची वाट बघू नका, पहिल्याच तालमींना एखाद्या अंध रसिकाला बोलवा. त्यांना मधोमध बसवा आणि नाचायला लागा. जिथं ते "काय झालं?" असं विचारतील तिथं थांबा. कधी तिथं एक शब्द लागेल, कधी पायाचा एक जास्तीचा ठोका, कधी ऐकू येणारा श्वास, कधी आधीच दिलेली एखादी खूण. आणि कधी असंही लक्षात येईल की तिथं सांगण्यासारखं काहीच नव्हतं, हात नुसते सुंदर फिरत होते आणि गोष्ट केव्हाच थांबली होती. डोळस प्रेक्षक अशा जागा हातांच्या देखणेपणावर माफ करून टाकतो. माफ न करणारा रसिक ज्या नर्तकीला तालमीतच मिळेल, तिचा नाच त्याच्यासाठी खुला होईल आणि आमच्यासाठी अधिक खरा.